पडद्याआडची आंघोळ

महाडला मी ज्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, त्याच्या न्हाणीघरात बाथटब आहे. हे सांगितलं की लोक हसतात. घरमालक बरीच वर्षं आखातात नोकरीला होते. तिकडच्यासारखं बाथरूम आपल्या गावातही असावं या हौसेने त्यांनी तो बसवून घेतला आणि मग स्वतः परत आखातातच निघून गेले. टबाच्या वर भिंतीत गरम आणि गार पाण्याच्या दोन चाव्या, खाली टबात पाणी सोडणारा जाडजूड नळ, डोक्यावर शॉवर. नळाच्या पाठीवर एक लहान खुंटी आहे. ती वर ओढली की नळाचं तोंड आतून बंद होतं आणि पाणी शॉवरला चढतं. बायको होती तोवर आम्ही त्या टबात पाणी साठवायचो. ती वारल्यावर मी तेही सोडून दिलं. टबात बादली ठेवायची, चार तांबे अंगावर घ्यायचे आणि पोलादपूरची एसटी गाठायची. तिथल्या एका कचेरीत मी कारकून आहे.

आई पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या वाडीत एकटी राहायची. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं. पाय हळूहळू थोडा परत आला, हात आला नाही. मी तिला महाडला आणलं. वॉकर धरून ती संडासापर्यंत जाऊ लागली, डाव्या हाताने जेवू लागली. आंघोळ घालायला सकाळी एक बाई यायच्या. आईचं आणि त्यांचं चांगलं जमलं होतं. उन्हाळ्यात त्या बाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या दीड महिन्यासाठी मुंबईला गेल्या. बदली बाई शोधून मिळेना.

पहिल्या दिवशी मी बादली भरली, तांब्या घेतला आणि म्हटलं, "चल आये, मी घालतो पाणी."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी तांब्या खाली ठेवला.

"पोराच्या म्होरं उघडी बसू मी?" ती म्हणाली. "त्यापरीस मरेन."

मी पन्नाशीला टेकलेला माणूस. तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं, माझं सगळं केलं. तेच मी तिच्यासाठी करायला काय हरकत आहे, असं मला वाटत होतं. तिला तसं वाटत नव्हतं. बहिणीला मुंबईला फोन केला. तिच्या घरी सासू आजारी, तिला निघता येईना. शेजारच्या वहिनी आपण होऊन म्हणाल्या, मी घालते. आई त्यांना गोड हसून नको म्हणाली, आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, "बाईला आपण पगार देतो, तिचं ते काम हाय. हिचं उपकार कशाला घेऊ?"

दोन दिवसांनी मला शॉवर सुचला. टबात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिच्या पायाखाली रबरी चटई टाकली. भिंतीला धरायला दांडी होतीच. टबाला पडदा लावला. गाऊन अंगावर ठेवूनच आई माझ्या खांद्याला धरून आत जायची, खुर्चीत बसायची. मी पाणी कोमट करून शॉवर सोडायचो, पडदा ओढायचो आणि दार पुढे करून बाहेर फरशीवर बसायचो.

"गेलास काय भायेर?"

"गेलो."

मग गाऊन पडद्यावर पडायचा. शॉवरचं पाणी आपलं आपण अंगावर येत राहायचं, त्यामुळे डावा हात साबणाला मोकळा राहायचा. आंघोळ झाली की कोरडा गाऊन डाव्या हाताने चढवून ती हाक मारायची. त्या दारापाशी बसून मला फार बरं वाटायचं. आत ती काहीतरी पुटपुटत, मधूनच गुणगुणत अंग धुवायची. महाडच्या मे महिन्याच्या घामट उकाड्यात एवढीच एक गोष्ट आमच्या घरात नीट चालली होती.

मग तो नळ गळायला लागला.

आधी खुंटी ओढल्यावरही नळातून करंगळीएवढी धार पडत राहायची. मी दुर्लक्ष केलं. आठवडाभरात धार अंगठ्याएवढी झाली आणि शॉवर तेवढाच बारीक झाला. एका सकाळी आईने केसांना शिकेकाई लावली, तोंडाला साबण लावला, आणि वरचं पाणी थेंबांवर आलं. सगळं पाणी खाली नळातून भसाभसा टबात.

"पानी गेलं रे! डोळं चुरचुरतात!"

मी मान वळवून आत शिरलो, पडद्याच्या कडेने हात घालून खुंटी वर खेचत राहिलो. काही होईना. शेवटी बादली भरली आणि तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. किती ओतलं, कुठे ओतलं, मला कळत नव्हतं. ती डाव्या हाताने छाती झाकून पुढे वाकून बसली होती. रडत होती, पण आवाज न करता. मी टॉवेल तिच्या अंगावर टाकून बाहेर आलो आणि त्या दिवशी एसटी चुकली.

त्यानंतर तिने आंघोळ बंद केली.

"बाय आली का बघू," एवढंच म्हणायची. बाई यायला अजून महिना होता. मी ओला पंचा द्यायचो, त्याने ती पडद्यामागे जमेल तेवढं पुसायची. एका हाताने पाठ कोण पुसणार? पाचव्या दिवशी घराला वास यायला लागला. सातव्या दिवशी मला तिच्या मानेवर, काखेकडे लाल चट्टे दिसले. पावडर लावू म्हटलं तर तिने गाऊनचं बटण घट्ट लावून घेतलं. शेजारच्या वहिनी आल्या तर ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. आणि एक दिवस लक्षात आलं की सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला आहे. घाम कमी यावा, संडासला कमी जावं लागावं, म्हणून ती पाणीच पीत नव्हती.

"आये, अशाने मरशील."

"मला वाडीत नेऊन सोड," ती म्हणाली. "तिथं बाया हायेत."

वाडीत आता चारच घरं उघडी होती आणि त्यातल्या बाया तिच्याहून म्हाताऱ्या. हे तिलाही ठाऊक होतं.

प्लंबरला तीन फोन केल्यावर तो आला. टबाकडे बघून तोही हसला. खुंटी चारदा वरखाली केली.

"आतला वायसर गेलाय साहेब. ह्याचा वायसर सुटा भेटत नाय. आक्खा नळ बदलायला लागंल. आन हा हितला माल नाय, फिटिंगच वेगळं हाय ह्याचं."

"मग काय करायचं?"

"पनवेलला बगा भेटला तर. नायतर टाईल फोडून लाईनच नवी टाकू. पण आठ दिवस काय हात रिकामा नाय." मग जाता जाता म्हणाला, "बादलीत पानी घ्या ना. टबाचं काय एवढं लावून धरलंय?"

आई आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं. मी त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि त्याला दारापर्यंत सोडलं.

त्या संध्याकाळी मी नळाच्या तोंडात फडकं कोंबलं, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि सुतळीने करकचून बांधलं. शॉवर सोडला. पाणी वर चढलं! मी आईला हाक मारणार, तेवढ्यात फडकं गोळीसारखं उडालं आणि समोरच्या भिंतीवर आपटलं. पुन्हा बांधलं, पुन्हा उडालं. तिसऱ्या वेळी मी नळालाच एक लाथ घातली. नळाला काही झालं नाही, माझ्या पायाचं नख काळंनिळं झालं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पनवेलला जायचं ठरवलं. वहिनींकडे किल्ली दिली, दुपारी एकदा डोकावायला सांगितलं. आईच्या खाटेशी भाकरी, भाजी, मोबाईल ठेवला. रिक्षाने वीर स्टेशन गाठलं, मिळाली ती गाडी पकडली. पनवेलला चार दुकानं फिरलो. मोबाईलमधला नळाचा फोटो सगळ्यांना दाखवला. चौथ्या दुकानात हुबेहूब तसाच नळ मिळाला. मी तो छातीशी धरून परतीच्या गाडीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. खाट रिकामी. वॉकर बाथरूमच्या दाराशी उभा. दार नुसतं लोटलेलं.

"आये?"

"येऊ नको." आवाज अगदी खालून आला. "आत येऊ नको."

"पडलीस का? आये, पडलीस का तू?"

"लुगडं दे आदी. माझं लुगडं."

झटका आल्यापासून ती गाऊनच घालत होती. लुगडी ट्रंकेत होती. मला ट्रंकेची किल्ली सापडेना. बिछान्यावरची चादर ओढली, ती दोन हातांत समोर पसरून धरली आणि आत गेलो. चादर तिच्यावर टाकल्यावरच खाली बघितलं. ती टब आणि भिंत यांच्या बोळकांडीत एका कुशीवर पडली होती. बादली कलंडलेली, साबण दाराशी. अंग गार पडलेलं, ओठ सुकलेले.

दुपारी वहिनी डोकावून गेल्यावर तिच्या मनात आलं की घरात कोणी नाही, तर बादलीतून एकटीनेच आंघोळ करून बघावी. टबाबाहेरच्या स्टुलावर बसली. डाव्या हाताने तांब्या उचलला तर तोल धरायला दुसरा हात नव्हता. पहिल्याच तांब्याला स्टूल सरकलं. किती वेळ पडून होती ते तिला सांगता येईना. मधे वहिनी परत एकदा आल्या होत्या, त्यांनी फ्लॅटच्या दारातूनच हाक मारली होती. आईने उत्तर दिलं नव्हतं.

"का नाही बोललीस? त्यांनी उचललं असतं तुला!"

"अंगावर काय नव्हतं रे," ती म्हणाली.

मी तिला चादरीसकट उचललं. ती इतकी हलकी झाली होती की मलाच धक्का बसला. खाटेवर ठेवून डॉक्टरांना बोलावलं. हाड मोडलं नव्हतं, कंबरेवर मुका मार होता. अंगातलं पाणी फार कमी झालंय, असं म्हणून त्यांनी मला बाहेर नेलं आणि चट्ट्यांवर लावायला मलम लिहून दिलं. "यांना स्वच्छ कोण ठेवतं?" त्यांनी विचारलं. मी मलमाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

सकाळी पनवेलहून आणलेला नळ पिशवीतून काढला. जुन्या नळाच्या पोटाखाली, हाताने चाचपल्याशिवाय कळणार नाही असा एक बारीक स्क्रू होता. खालच्या गॅरेजमधून षटकोनी चावी आणून तो सैल केला, तसा नळ सरळ ओढून बाहेर आला. भिंतीतून एक साधा गुळगुळीत पाइप डोकावत होता. त्याला आटे नव्हते. नव्या नळाला आतून आटे होते. हुबेहूब तसाच नळ, आणि बसायला जागाच नाही.

मी टबात खाली बसलो. दोन्ही नळ मांडीवर. आपल्याला एका म्हातारीची आंघोळ सांभाळता येत नाही, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. मी रडलो. बायको गेली तेव्हासुद्धा माणसांसमोर धीर धरला होता, इथे मात्र धरवेना.

वॉकरचा ठकठक आवाज आला. आई कंबरेत वाकत दारात येऊन उभी राहिली. मी तोंड पुसलं.

"काय झालं?"

"बसत नाही हा."

"मंग जुना कशानं बिघडलाय ते बघ की."

मी जुना नळ उजेडात धरला. आत खुंटीला जोडलेली एक लहानशी झडप होती, आणि तिच्या कडेला रबराचं जे कडं असायला हवं होतं ते कुजून अर्धं गळून पडलं होतं. बाकी नळ ठणठणीत. मी पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणला, कात्रीने गोल कापून बसवला, नळ भिंतीला लावला, पाणी सोडलं. रबर दुमडलं, धार चालू. दुसरा तुकडा जाड घेतला, तर झडपच हलेना. तिसरा फाटला. दुपार झाली होती. आई मधल्या वेळात खुर्ची मागून घेऊन दारातच बसली होती.

"रबर नको," ती म्हणाली. "कातडं घाल."

"कातडं?"

"आमच्या वाडीच्या बोरिंगच्या हापशाला कातड्याचाच वायसर होता. तो खराब झाला का पंचायतीचा मानूस म्हयनाभर फिरकायचा नाय. वरच्या आळीचं बोरिंग दुसऱ्या दिवशी चालू व्हायचं, आमचं नाय. मंग आमी बायांनीच शिकून घेतलं. मी न् दोघी जनी दांडा उपसायचो, वायसर बदलायचो. मला सांगतोस काय?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा शाळेसाठी पोलादपूरला वसतिगृहात होतो. घरी पाणी असतं, एवढंच मी सुट्टीत बघितलं होतं.

मी माझा जुना पट्टा आणला. ती सांगत गेली, मी करत गेलो. "आदी भिजत टाक. कोरडं कदी बसत नाय." तासभर पाण्यात ठेवलं. "आता त्याल चोळ." खोबरेल चोळलं. "कडा तासून घे, पातळ कर. बोटानं बघ, डोळ्यानं नाय." दोनदा तिने तुकडा मागून घेतला, अंगठ्याने चाचपला आणि परत दिला. "आजून." तिसऱ्यांदा तिने तो परत दिला तेव्हा काही बोलली नाही. मी तो झडपेवर बसवला.

खुंटी ओढली. नळातून थोडं पाणी आलं, मग एक बारीक धार, मग थेंब. वर शॉवर खरखरला आणि जोरात सुटला. मी कपड्यांसकट भिजलो. आई दारातून म्हणाली, "बरं, आता तू निघ."

मी दार पुढे करून बाहेर बसलो. गाऊन पडद्यावर पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतंच पाणी. पुटपुटणं नाही, गुणगुणणं नाही. मी घाबरून हाक मारली.

"हाय रे. गप बस."

गीझरमधलं गरम पाणी संपलं, तरी ती बाहेर येईना. टाकी रिकामी झाली असती तरी मी तिला थांबवलं नसतं. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ थंडीने हलत होते. तिने दोन पेले पाणी मागून घेतलं, चट्ट्यांना आपल्या हाताने मलम लावलं आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिचा श्वास मोजत राहिलो, कारण इतक्या शांत झोपेचीही मला भीती वाटायला लागली होती.

सगळं सुरळीत झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. कातड्याचा तो वायसर दोन आठवडे टिकला. मग झडपेचा सांधाच तुटला, आणि तो काही कापून, भिजवून जोडता येण्यासारखा नव्हता. त्या सकाळी आई डोक्यावर साबण घेऊन पडद्याआड बसली होती. पाणी खाली पडायला लागल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. मी दाराबाहेर उठून उभा राहिलो आणि तिथेच थांबलो. मला पुढचं पाऊल टाकवेना.

शेवटी ती म्हणाली, "ये आत."

मी गेलो. तिने गाऊन मांडीवर ओढून घेतला होता आणि माझ्याकडे पाठ केली होती. पाठीचा एकेक मणका दिसत होता. उजवा खांदा कधी इतका खाली उतरला, मला माहीत नव्हतं. मी तांब्याने पाणी घालायला लागलो.

"कानामागं," ती म्हणाली. "तिथं साबन ऱ्हातो."

मी कानामागे पाणी घातलं. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता की ती थकून हरली होती, हे मी तिला विचारलं नाही. तिने ते सांगितलंही नसतं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

बाई जूनमध्ये परत आल्या, लेकीच्या बाळाचे फोटो घेऊन. आईने ते सगळे बघितले, आणि मग त्यांना उशीर केल्याबद्दल चांगलंच झापलं. प्लंबरने पावसाळ्यात कधीतरी टाईल फोडून पाइपला आटे पाडून दिले आणि नवा नळ बसला. भिंतीत तिथे आता वेगळ्या रंगाची एक टाईल आहे.

रविवारी बाईंना सुट्टी असते. त्या दिवशी मी असतो. आई अजून पाठच करून बसते, पण बोलते. वाडीतली कोण कुठे दिली, कोणाच्या लग्नात पाऊस आला, दांडा उपसताना तिघींपैकी कोणाचा हात सापडला होता. मी पाणी घालत राहतो. मधेच ती म्हणते, "आईकतोस का रे?" मी म्हणतो, "ऐकतोय." मग ती पुढचं सांगायला लागते.